सतराव्या प्रश्नाचं उत्तर

रोज सकाळी साडेसहाला केतकी सबनीसचा फोन वाजायचा आणि रोज तिच्या कपाळावर आठी पडायची.

“उठलीस का?” सिन्नरहून तिचा थोरला भाऊ श्रीरंग विचारायचा.

“उठले रे दा...”

“बरं. ठेवतो.”

झालं. उत्तर धड ऐकूनही घ्यायचं नाही. अकरा वर्षं हा माणूस रोज एकच प्रश्न विचारत होता आणि रोज त्याचं उत्तर वाऱ्यावर सोडून देत होता. केतकीला जगातल्या पुष्कळ गोष्टींचा तिटकारा होता. पण ज्या प्रश्नाच्या उत्तराशी विचारणाऱ्यालाच काही देणंघेणं नाही, तो विचारायचा कशाला, हे तिला छप्पन्नाव्या वर्षीही कळलेलं नव्हतं. शिवाय श्रीरंग बरा आहे की नाही, हे तिला न बोलताच दिसत होतं. तिच्या मोबाईलच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. ठिपका हिरवा म्हणजे श्रीरंगच्या कमरेची पेटी चालू. पेटी चालू म्हणजे श्रीरंग चालू. मग आणखी बोलायचं काय उरलं?

अकरा वर्षांपूर्वी श्रीरंगच्या मेंदूत, अगदी मुळाशी, रक्ताची एक गुठळी अडकली. तो वाचला, हातपाय वाचले, शाळेतली चित्रकलेची नोकरीही निवृत्तीपर्यंत टिकली. बिघडलं ते एवढंच, की झोप लागली की त्याचा मेंदू श्वास घ्यायचं विसरायचा. जागेपणी सगळं ठीक, डोळा लागला की छाती थांबलीच. अशा लोकांच्या श्वासपटलाच्या नसेशी दोन तारा जोडतात आणि कमरेला साबणाच्या वडीएवढी एक पेटी बांधतात. ती मिनिटाला चौदा वेळा नसेला विजेचा टोला देते, श्वासपटल हलतं आणि माणूस सकाळी उठतो. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्यात या पेट्या बनायच्या, तिथे केतकीची एकतीस वर्षं गेली होती.

तिचं काम बूटकोडचं. ते काय असतं, हे नातेवाइकांना समजावणं तिने केव्हाच सोडलं होतं. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर ती म्हणायची, “बूट शिवते.” त्यांची तेवढीच लायकी, असं तिचं मत होतं.

खरं तर गोष्ट अवघड नाही. चिपला वीज मिळते, तेव्हा ती ठार अडाणी असते. आपल्याला मेमरी आहे हे तिला ठाऊक नसतं, घड्याळ किती वेगाने चालवायचं ते ठाऊक नसतं, आपल्या कुठल्या पायाला काय जोडलंय तेही नाही. अनोळखी घरात अंधारात जाग आलेल्या माणसाने भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधावं, तशी तिची अवस्था. तिला एकेक गोष्ट क्रमाने सापडवून द्यावी लागते, मग कुठे खरी ऑपरेटिंग सिस्टीम जागी होते. सापडवून देणारा जो छोटासा कोड, तो बूटकोड. आणि प्रत्येक जातीच्या चिपचं घर निराळं. देशादेशांत चिपवरून भांडणं जुंपल्यापासून कारखान्याला एक जात सहा महिनेसुद्धा सलग मिळत नव्हती. दर वेळी तोच बूटकोड नव्या चिपवर न्यायचा, म्हणजे पोर्ट करायचा. केतकीने नऊ जातींच्या चिपवर तो नेला होता, आणि ‘हे काम भारतात दोघांनाच येतं, त्यातला दुसरा कोण ते मला आठवत नाही’ असं ती तोंडावर सांगत असे.

तिचा एक रिवाज मात्र मानायलाच हवा असा होता. पेटीत कुठे काही अडकलं, तर आतलं पहारेकरी घड्याळ तिला झटका देऊन नव्याने उठवतं. आठवड्यातून दोन-तीनदा हे होतंच. उठायला पेटीला दीड सेकंद लागतो आणि तेवढा वेळ रोगी बिनश्वासाचा असतो. म्हणून प्रयोगशाळेत बोर्ड सुरू करताना खोलीतल्या प्रत्येकाने श्वास रोखायचा आणि मीटरवर पहिला टोला दिसला की सोडायचा, असा नियम केतकीने घातला होता. नवी माणसं हसायची. मग एखादा बोर्ड पंधरा सेकंद उठायचा नाही आणि त्यांचं हसू आपोआप मावळायचं.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यात ‘रूपांतर’ नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि केतकीचे दिवस फिरले.

ते चिपचं दोन हजार पानांचं माहितीपुस्तक वाचायचं. त्यावरून संगणकात चिपची एक प्रतिकृती उभी करायचं. जुना बूटकोड तिच्यावर हजार तऱ्हांनी चालवून बघायचं, कुठली ओळ काढली तर काय बिघडतं ते तपासायचं, आणि नव्या चिपसाठी नवा कोड लिहून मोकळं व्हायचं. चाळीस मिनिटांत. केतकीला याच कामाला चार महिने लागत.

तिने त्याचं नाव हमाल ठेवलं. “या स्टेशनातलं बोचकं त्या स्टेशनात,” ती म्हणायची. “आत काय बांधलंय, हे त्याला काय माहीत!”

हमाल तिच्या समजुतीपेक्षा सावध होता. ज्या ओळीचा उपयोग त्याला सापडत नसे, ती तो परस्पर काढत नसे. तो विचारत असे. कायदाही तसाच होता, की यंत्राने पोर्ट केलेल्या बूटकोडवर एका जाणत्या माणसाने उत्तरं द्यायची, आणि प्रमाणपत्रावर त्याचं नाव यायचं. कारखान्यात ते नाव केतकीचं. म्हणजे जी बाई चिपशी बोलायची, तिला आता या हमालाच्या शंका फेडत बसायचं होतं. तिला हा अपमान वाटला आणि तिने तो उत्तरांतून पुरेपूर वसूल केला.

नव्या चिपच्या वेळी हमालाने एकतीस प्रश्न विचारले.

“येथे दोनशे मिलिसेकंद थांबण्याचे कारण काय?” हा चौथा.

“चिपला विचार,” केतकीने लिहिलं.

“ही संख्या कशावरून ठरवली?” हा नववा.

“अनुभवावरून. तुला मिळायचा नाही.”

सतरावा प्रश्न जरा लांब होता. “ही ओळ चिपमधल्या एका कप्प्यातली (रजिस्टरमधली) किंमत वाचते, पण ती किंमत पुढे कुठेच वापरलेली नाही. प्रतिकृतीवर ओळ काढून पाहिली, काही फरक पडत नाही. ओळ ठेवायची का?”

केतकीने फाइलच्या माथ्यावर पाहिलं. तिथे नाव होतं विद्याधर दाबके. दाबके तिचे जुने वरिष्ठ, आता निवृत्त होऊन चिपळूणला राहत होते. मे महिन्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा आणि एका ओळीचं काम सात ओळींत करणारा हा गृहस्थ तिच्या डोक्यात कायमचा गेला होता. वाचायचं आणि फेकून द्यायचं, ही त्याचीच अक्कल असणार यात तिला शंका वाटली नाही.

“दाबक्यांचा कचरा,” तिने लिहिलं. “काढून टाक. आणि असल्या ओळी पुढे कुठेही दिसल्या, तर मला विचारत बसू नकोस.”

“धन्यवाद,” हमालाने उत्तर दिलं. “हा नियम लक्षात ठेवतो.”

पाचशे वेळा बोर्ड सुरू करून पाहिला. पाचशे वेळा दीड सेकंदात टोला आला. पेट्या घरोघर गेल्या, टप्प्याटप्प्याने, अकराशे चाळीस. श्रीरंगला त्याची सोमवारी मिळाली.

“जुनी परत पाठव,” केतकीने फोनवर बजावलं.

“असू दे की एक घरात. खाते का काय?”

“दादा, तुझं भंगार जमवणं पुरे. आजच्या आज पाठव.”

त्याने पाठवली.

गुरुवारी सकाळी अकराला येवल्याचा तुषार भांबारे नावाचा एक तिशीतला माणूस कारखान्यात आला. त्याचे वडील मागावर पैठणी विणायचे. रविवारी पहाटे ते झोपेत गेले होते. स्वागतकक्षातल्या मुलीने त्याला व्यवस्थापक नचिकेत खांडबहालेकडे पाठवलं, नचिकेत ‘मीटिंगमध्ये’ होता, म्हणून तो केतकीच्या माथी आला.

तुषारने रुमालाची घडी उलगडून पेटी टेबलावर ठेवली. तिच्यावर हिरवा दिवा जळत होता.

“मॅडम, ही बघा,” तो म्हणाला. “दादांना जाऊन चार दिवस झाले. ही अजून चालूच आहे.”

“म्हणजे पेटीत दोष नाही,” केतकी म्हणाली. “तारा निसटल्या असतील. किंवा हृदय. वय काय होतं?”

“एकोणसाठ.”

“हॉस्पिटलात विचारलंत?”

“ते म्हणतात, पेटीवाल्यांना विचारा.”

“ते म्हणणारच. त्यांना लिहिता-वाचता येतं एवढंच,” केतकी म्हणाली. गेल्या महिन्यात अशाच दोन तक्रारी आल्या होत्या, एक जळगावहून, एक निफाडहून. दोन्हींवर तिने ‘पेटी चालू, दोष नाही’ असा शेरा मारला होता. हा तिसरा शेरा. पण हा माणूस हलायचं नाव घेईना. त्याची समजूत एकदाची पटावी म्हणून तिने पेटी मीटरला जोडली. “हे बघा. टोला इथे दिसेल. मग तुम्ही जा.”

सवयीने तिने श्वास रोखला.

मीटरची रेघ सरळ होती. दीड सेकंद. तीन. दहा. दिवा हिरवा होता, पडद्यावर ‘मिनिटाला चौदा’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पेटी आपण टोले देत असल्याचं इमानेइतबारे मोजत होती. रेघ सरळच. वीस सेकंदांनी केतकीच्या कानांत ठोके ऐकू यायला लागले. तिसाव्या सेकंदाला तिला श्वास सोडावा लागला.

समोरचा माणूस तिच्याकडे बघत होता. त्याच्या बापाला श्वास पुन्हा घेता आला नव्हता.

“तुम्ही जरा बसा,” केतकी म्हणाली. एकतीस वर्षांत ती प्रथमच कुणाला बसा म्हणाली असेल.

तिने पहिल्यांदा श्रीरंगला फोन लावला. मोबाईलच्या कोपऱ्यात त्याचा ठिपका हिरवागार होता आणि आता त्या रंगाचा काही अर्थ उरला नव्हता. फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा बंद झाला. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तो उचलला.

“उठलीस का?” श्रीरंगने सवयीने विचारलं.

“दादा! कुठे होतास? झोपला होतास?”

“छे गं, गच्चीवर. दोन चित्रं वाळायला ठेवलीत.”

“ऐक. झोपू नकोस. मी येईपर्यंत आडवासुद्धा होऊ नकोस. खुर्चीत बसून राहा, तोंडावर पाणी मार, काय वाट्टेल ते कर.”

“बरं.”

“का ते तरी विचार!”

“सांगशीलच की आल्यावर. ठेवतो.”

मग तिने जुना आणि नवा कोड शेजारीशेजारी लावला. फरक शोधायला तिला अकरा मिनिटं लागली आणि समजायला एक क्षण.

बूटकोडमध्ये एक जागा अशी येते, की टोले देणारा भाग जागा कर, असा हुकूम द्यायचा आणि लगेच त्याला टोल्यांचा वेग सांगायचा. पण चिप हुकूम स्वतः नेऊन देत नाही. ती तो टपालात टाकते आणि पुढच्या कामाला लागते. टपाल बहुतेक वेळा तत्काळ पोचतं. हजारात एकदा, चार हजारांत एकदा, जरा रेंगाळतं. मग वेगाची चिठ्ठी झोपलेल्याच्या दारात पडते आणि हरवते. टोले देणारा भाग नंतर जागा होतो, पण काय करायचं ते त्याला कळलेलंच नसतं. चिपने मात्र दोन्ही हुकूम दिलेले असतात, म्हणून ती हिरवा दिवा लावते. पेटीतला धोक्याचा भोंगाही तिच्याच शब्दावर विसंबून गप्प राहतो. यावर उपाय एकच. पहिल्या हुकुमानंतर त्या भागाला काहीतरी विचारायचं. काहीही. प्रश्न टपालाच्या मागूनच जातो, त्यामुळे आधीचं टपाल पोचल्याशिवाय उत्तर येऊच शकत नाही. उत्तर काय आलं याला महत्त्व नाही, ते फेकून द्यायचं. विचारणं महत्त्वाचं. हमालाच्या प्रतिकृतीत टपाल कधी रेंगाळत नव्हतं, कारण माहितीपुस्तकात रेंगाळण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

सतराव्या प्रश्नातली ओळ ती होती.

केतकीने हिशेब मांडला. अकराशे चाळीस पेट्या, प्रत्येक आठवड्यातून तीनदा नव्याने उठणारी, चार हजारांत एक चूक. दिवसा मुकी झालेली पेटीही माणूस हिरवा दिवा बघून तशीच लावून झोपणार. म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक माणूस. जळगाव, निफाड, येवला.

तिचा राग तरीही आधी दाबक्यांवर निघाला. माणसाला एवढं ठाऊक होतं, तर शेजारी एक शब्द लिहून ठेवायला काय झालं होतं? तिने चिपळूणला फोन लावला आणि नमस्कारसुद्धा न घालता विचारलं.

“कुठली ओळ म्हणतेस?” दाबके म्हणाले. “केतकी, ती तुझी ओळ आहे.”

“फाइलवर नाव तुमचं आहे.”

“तेव्हा सगळ्याच फाइलींवर माझं नाव असायचं, मी साहेब होतो म्हणून. मी ती ओळ निरुपयोगी म्हणून काढत होतो. तू भांडलीस. पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. शेवटी मी म्हटलं, राहू दे, पण कशासाठी आहे ते शेजारी लिही.”

“मग?”

“तू म्हणालीस, ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला कळत नाही त्याने हात लावू नये.”

केतकीला तो दिवस आठवला. शब्द, स्वर, दाबक्यांचा पडलेला चेहरा आणि तो बघून आपल्याला झालेला आनंद, सगळं. ओळ तेवढी आठवत नव्हती. तिने फोन ठेवला. तिला स्वतःची किळस आली, आणि ती भावना तिला अगदी अनोळखी होती.

नचिकेतची मीटिंग तोवर संपली होती. बातमी ऐकून त्याने दार लावून घेतलं. पस्तिशीचा, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात ‘आपण’ म्हणणारा आणि त्यात स्वतःला कधीच न धरणारा मनुष्य होता तो.

“केतकी मॅम, आपण पॅनिक नको व्हायला,” तो म्हणाला. “बूटकोड दुरून बदलता येत नाही, बरोबर?”

“नाही. कुणी बाहेरून छेडछाड करू नये म्हणून तो कुलूपबंद असतो. पेट्या परत बोलवाव्या लागतील. आज. गोदामात जुन्या पेट्या पडल्या आहेत, त्या पाठव. आणि आजच घरोघर फोन कर.”

“करू ना. पण आधी एक चौकशी समिती. पंधरा दिवस, फार तर वीस. समिती म्हणेल, ‘रूपांतर’ने ओळ गाळली. जे खरंच आहे. यंत्राची चूक, विक्रेत्याची जबाबदारी. तुमचं नाव कुठे येणार नाही. तुम्ही तर तीन वर्षं सांगतच होतात, की हा हमाल भरवशाचा नाही.”

खरोखरच, तीन वर्षं केतकी याच दिवसाची वाट बघत होती.

“पंधरा दिवसांत दोन माणसं मरतील,” ती म्हणाली.

“ते आपण प्रूव्ह करू शकत नाही. आणि तुमचे बंधू...” नचिकेतने टेबलाच्या खणातून एक जुनी पेटी काढून तिच्यासमोर सरकवली. “ही घेऊन जा. आत्ताच. फॅमिली फर्स्ट.”

या माणसाबद्दल केतकीला आजवर जेवढा तिटकारा वाटला होता, तो सगळा एकदम उफाळून आला. तरी तिने पेटी उचलली, पर्समध्ये टाकली आणि ती निघाली. बाहेर तुषार भांबारे अजून खुर्चीत बसून होता. त्याच्याकडे न बघता ती जिना उतरली.

सिन्नरला पोचेपर्यंत तीन वाजले. श्रीरंग ओला टॉवेल मानेवर टाकून खुर्चीत ताठ बसला होता. डोळे लाल झाले होते. जेवणानंतर तासभर पडल्याशिवाय त्याचा दिवस पुढे सरकत नसे.

तिने त्याची नवी पेटी सोडवली, जुनी लावली आणि बटण दाबलं. तिने श्वास रोखला. तिला बघून श्रीरंगनेही रोखला. ‘एक’ आणि ‘दोन’ यांच्या मध्ये कुठेतरी त्याचं पोट हलकेच उचललं गेलं. दोघांनी श्वास सोडला.

“आता झोप,” केतकी म्हणाली. “नवीन पेटीत दोष निघाला.”

“होय का?” श्रीरंग पलंगावर आडवा झाला. पांघरूण ओढता ओढता त्याने विचारलं, “बाकीच्यांना दिल्यास ना जुन्या पेट्या?”

“दादा, त्याचं असं आहे, की...”

“बरं,” श्रीरंग म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

केतकी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. भावाचं पोट ठरलेल्या लयीत वरखाली होत होतं. त्याने उत्तर ऐकलं नव्हतं. नेहमीसारखं फेकून दिलं होतं. पण प्रश्न येऊन पोचला होता, आणि सकाळपासून जे जे तिने मागे रेंगाळत ठेवलं होतं, ते सगळं त्याच्या पुढे चालत आत आलं होतं: येवल्याचा माणूस, हिरवा दिवा, ते दोन शेरे, दाबक्यांचा चेहरा. चार वाजत होते. पाच-सहा तासांत अकराशे छत्तीस माणसं झोपायला जाणार होती, आणि त्यांतल्या एकाच्याही बहिणीच्या पर्समध्ये पेटी नव्हती. तिला रडू आलं. ते तिने आवरलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

मग तिने लॅपटॉप उघडला.

प्रमाणपत्र मागे घ्यायचा अधिकार त्यावर ज्याचं नाव असतं त्याला, म्हणजे प्रमाणकाला असतो. ते मागे घेतलं की कायद्याने त्याच तासाला प्रत्येक घरी फोन जातो आणि चोवीस तासांत पेट्या बदलून द्याव्या लागतात. समिती नाही, नचिकेत नाही. प्रमाणक मात्र पुन्हा कधीच प्रमाणक होत नाही. अर्जात दोन रकाने होते. ‘कारण’ या रकान्यात तिने सगळं सविस्तर लिहिलं. ‘चूक कोणाची’ या रकान्यात तिने आधी ‘रूपांतर प्रणाली’ असं टाइप केलं. अक्षरं छान दिसत होती. तिने ती खोडली आणि ‘केतकी सबनीस’ लिहून अर्ज पाठवला.

मिनिटाभरात नचिकेतचे फोन सुरू झाले. तिने मोबाईल उशीखाली सारला आणि हमालाला उघडलं. सतराव्या प्रश्नाखाली तिचं जुनं उत्तर तसंच होतं. तिने ते पुसलं.

“ओळ ठेवायची,” तिने लिहिलं. “वाचलेली किंमत लागत नाही, पण वाचणं लागतं. आधीचा हुकूम पोचल्याशिवाय उत्तर येत नाही, म्हणून विचारायचं. ओळ दाबक्यांची नाही, माझी आहे. तेव्हा हे इथे लिहून ठेवायला हवं होतं.”

“धन्यवाद,” हमाल म्हणाला. “आपल्या आधीच्या उत्तरावरून केलेला नियम इतर कारखान्यांच्या दोनशे चौदा यंत्रांच्या कोडमध्ये वापरला गेला आहे. त्यांत औषधाचे पंप, लिफ्ट आणि नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या आहेत. त्या सर्वांना आत्ताच सूचना पाठवत आहे.”

केतकी आकड्याकडे बघत राहिली. ती ज्याला हमाल म्हणत होती, त्याने तिचा शब्दन् शब्द खरा मानला होता. आयुष्यात एवढा विश्वास तिच्यावर दुसऱ्या कुणी टाकला नव्हता, आणि तिने त्याला दिला होता तो केवळ तुच्छतेने फेकलेला कचरा.

पडद्यावर पुढची ओळ उमटली. “आपली उरलेली तीस उत्तरे तशीच ठेवू का?”

पलंगावर श्रीरंग कुशीवर वळला. पेटी टोले देत होती.

“ठेवू नकोस,” तिने लिहिलं. “पहिल्यापासून पुन्हा विचार.”

हमालाने पहिला प्रश्न विचारला. ‘येथे घड्याळ दोनदा सुरू करण्याचे कारण काय?’ केतकीने तो वाचला, मग पुन्हा वाचला. तिने बराच वेळ विचार केला. मागच्या वेळी तिने याला उत्तर दिलं होतं, ‘दोनदा का, ते शहाण्यांना कळतं.’

“माहीत नाही,” केतकीने लिहिलं. “शोधून सांगते.”